‘फक्त पंप बदला, ऑइल गाळून परत भरा’: जुन्या हायड्रोस्टॅटिक डोझरबद्दलच्या मेसेजला उत्तर

जुना डोझर घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. हायड्रोस्टॅटिक डोझरला (ज्यात इंजिन पंप फिरवतं आणि पंपाच्या ऑइलवर चेन फिरवणारी मोटर चालते) क्लच-गिअर नाहीत, म्हणून ड्राइव्हला खर्च नाही. गरम झाल्यावर ओढ कमी झाली तर जाड ऑइल घाला. पुढे-मागे चालवून पाहिलं की ड्राइव्ह तपासून झाला. मशीन एका बाजूला जात असेल तर रिलीफचं (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्रेशर वाढवून घ्या. आणि पंप गेलाच तर फक्त पंप बदला, जुनं ऑइल कापडातून गाळून परत भरा.

हा मेसेज माझ्या भाच्याकडे पोचला. तो जुना डोझर घ्यायच्या बेतात आहे आणि या भरवशावर त्याने दुरुस्तीसाठी फक्त एका पंपाची किंमत बाजूला काढली आहे. मशीन आणि मालक दोघांनाही बुडवणारा दावा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

ब्लेडच्या सिलिंडरला जाणारं ऑइल टाकीतून निघतं, काम करतं आणि टाकीत परत येतं. ड्राइव्हचं तसं नाही. पंपातून निघालेलं ऑइल मोटरला जातं आणि मोटरमधून थेट पंपाच्या दुसऱ्या तोंडात शिरतं. वाटेत टाकी नाही, बहुतेक मशीनवर फिल्टरही नाही. फिल्टर असतो तो चार्ज पंपाच्या लाइनवर, आणि चार्ज पंप हा छोटा पंप फक्त या बंद चक्रातून (लूपमधून) बाहेर पडलेल्या ऑइलची भरपाई करतो. त्यामुळे पंपातल्या पिस्टनच्या टोकाचा सरकणारा पितळी तुकडा (शू) तुटला की त्याचा चुरा लगेच मोटरमध्ये जातो. मोटरमध्ये ओरखडे पडतात आणि तिथला चुरा परत पंपात येतो. उरलेला चुरा केस ड्रेन (पंप-मोटरच्या आत गळलेलं ऑइल बाहेर नेणारी लाइन) आणि फ्लशिंग व्हॉल्व्ह (लूपमधलं थोडं गरम ऑइल बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) यांच्या वाटेने कूलरमध्ये जाऊन बसतो. आता या लूपला नवा पंप लावा. जुन्या पंपाचा चुरा होज, मोटर आणि कूलरमधून निघून नव्यात जाणार, आणि तो पंप कामाच्या पहिल्या काही तासांतही निकामी होऊ शकतो.

आणि कापड? डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. पंपाचा सिलिंडर ब्लॉक (पिस्टन बसलेला फिरता भाग) आणि व्हॉल्व्ह प्लेट (ऑइल आत-बाहेर सोडणारी चकती) यांच्यामधली ऑइलची फिल्म काही मायक्रॉनची असते. डॅनफॉसच्या सिरीज ९० पंपांचं मॅन्युअल ऑइलची स्वच्छता आयएसओ ४४०६ (ऑइलमधल्या कणांच्या मोजणीचं मानक) प्रमाणे २२/१८/१३ किंवा त्याहून चांगली मागतं. त्यातल्या शेवटच्या १३ चा अर्थ असा, की एक मिलिलिटर ऑइलमध्ये १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण जास्तीत जास्त ८० चालतील. कापडातून गाळलेलं ऑइल याच्या जवळपासही येत नाही, उलट त्यात कापडाचे धागे जातात. ड्रममधलं नवं ऑइलसुद्धा फिल्टर लावलेल्या पंपाने भरायचं असतं. तुमच्या मशीनवर पंप दुसऱ्या कंपनीचा असेल तर आकडा त्याच्या मॅन्युअलमधून घ्या. गरज याच आसपासची निघेल.

पंप फुटल्यावरचं खरं काम असं असतं. त्या बाजूच्या चेनचा पंप आणि मोटर दोन्ही उतरवून उघडायचे. दोन्ही बाजूंची टाकी आणि चार्ज पंप सहसा एकच असतात, म्हणून दुसरी बाजूही उघडून पाहिल्याशिवाय चांगली धरायची नाही. हाय प्रेशर होज काढून वेगळे फ्लश करायचे. टाकी रिकामी करून आतून पुसायची, सक्शनची जाळी काढून बघायची. कूलरच्या आतल्या बारीक वाटांत अडकलेला चुरा फ्लश करून निघालाच याची खात्री देता येत नाही, म्हणून तो बदललेला बरा. जोडताना पंप आणि मोटरच्या केसमध्ये ड्रेनच्या तोंडातून, फिल्टरमधून गाळलेलं ऑइल भरायचं, सक्शन लाइन भरायची. लूपमध्ये तात्पुरता हाय प्रेशर फिल्टर बसवायचा. स्वॉश प्लेट (पंपातली कलती चकती, जिच्या कोनावर ऑइलचा प्रवाह ठरतो) न्यूट्रलला राहावी म्हणून कंट्रोलचे कनेक्टर काढून ठेवायचे, इंजिन स्टार्ट न करता नुसतं क्रँक करायचं आणि चार्ज प्रेशर गेजवर दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. मग आयडलवर, चेन जमिनीपासून उचललेल्या ठेवून, हळूहळू दोन्ही दिशांना फिरवायचं. थोड्या तासांनी फिल्टर काढून कापून बघायचा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर शेवटी पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोल आणि पंप यांचा मेळ बसवणं. ते राहिलं तर नवा पंप लावूनही मशीन सरळ चालत नाही.

म्हणजे हिशोबात पंप, मोटर, कूलर, काही होज, टाकीभर ऑइल, फिल्टरचे दोन-तीन संच आणि मजुरी येते. मजुरी लहान नसते, कारण बऱ्याच मशीनवर पंपापर्यंत पोचायला कॅब उचलावी किंवा फ्लोअर उघडावा लागतो. पंप ओव्हरहॉल होतो, पण हाउसिंग आणि स्वॉश प्लेटची बैठक शाबूत असेल तरच. जुना पंप देऊन तयार पंप घेणार असाल तर फुटलेल्या हाउसिंगचे पैसे कापले जातात, हेही आधी विचारून घ्या.

आता जाड ऑइल. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं आणि आतली गळती वाढते, इतकं खरं आहे. काही कंपन्या हायड्रॉलिकमध्ये १०डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालतं असं सांगतात, हेही मान्य. पण ते मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणे, झिजलेला पंप झाकायला नाही. गणित बघा. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट, आणि ऑइल दुप्पट जाड केलं तर ती फक्त निम्म्यावर येते. वर थंड सकाळी ते जाड ऑइल चार्ज पंपाला ओढवत नाही, सक्शनमध्ये कॅव्हिटेशन होतं (ऑइलमध्ये पोकळ बुडबुडे बनून फुटतात) आणि चांगले भागही झिजायला लागतात. ओढ कमी झाल्यावर आधी कूलरच्या जाळीतला कचरा आणि पंखा बघा. अनेकदा तापण्याचं कारण तिथेच असतं आणि खर्च फक्त साफसफाईचा येतो.

‘पुढे-मागे चालवून बघा’ यात थंड मशीन कोणालाही फसवतं. ऑइल जाड असताना झिजलेला ड्राइव्हही ओढतो. ऑइल ७०-८० अंशांवर येईपर्यंत ब्लेडने माती ढकला, मग दोन्ही दिशांना, दोन्ही बाजूंना वळवून बघा आणि टेस्ट पोर्टवर चार्ज प्रेशरचं गेज लावून ठेवा. ते साधारण २० ते ३० बारच्या पट्ट्यात असतं, नेमका आकडा मॅन्युअलचा. न्यूट्रलमध्येच कमी असेल तर चार्ज पंप, त्याचा रिलीफ किंवा सक्शन बघायचा. न्यूट्रलला ठीक आणि एकच बाजू चालवल्यावर कोसळत असेल तर त्या बाजूचा पंप किंवा मोटर गळतेय. ड्राइव्ह दिल्यावर फ्लशिंग व्हॉल्व्ह उघडतो म्हणून थोडं उतरणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. केस ड्रेनचं ऑइल मोजणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: मोटरच्या ड्रेनमध्ये फ्लशिंगचं ऑइलही येतं. ते वजा न करता मोजलं तर चांगली मोटर भंगारात जाते.

फिल्टर कापून बघण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागा. पितळी चकाकी दिसली तर शू किंवा व्हॉल्व्ह प्लेट, चुंबकाला चिकटणारा चुरा असेल तर बेअरिंग किंवा स्टीलचे इतर भाग, काळे तुकडे असतील तर सील किंवा होज. फिल्टर कालच बदललेला असेल तर लॅबमध्ये ऑइलचा नमुना दिल्याशिवाय व्यवहार करू नका, आणि ऑइलही नवं असेल तर काही तास कामावर चालवून मगच नमुना घ्या.

रिलीफचं प्रेशर वाढवण्याबद्दल थोडक्यात: प्रेशरने ओढ मिळते, वेग ऑइलच्या प्रवाहावर ठरतो. लोड नसताना मशीन एका बाजूला जातं तेव्हा दोन चेनचा वेग सारखा नसतो, आणि रिलीफ पिळून तो सारखा होत नाही. ४०० बारच्या वर चाललेल्या लूपमध्ये प्रेशर आणखी चढवलं की शू, बेअरिंग आणि होज यांच्यावर भार येतो, आणि होज फुटला तर जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. चेनचा ताण, घासणारा ब्रेक, स्पीड सेन्सर, कॅलिब्रेशन या क्रमाने बघा. ओढ एकाच दिशेला कमी असेल आणि दोन्ही रिलीफची सेटिंग एकच असेल, तर पुढच्या आणि मागच्या दिशेचे रिलीफ व्हॉल्व्ह आपसात बदला. दोष दिशा बदलून दुसरीकडे गेला तर व्हॉल्व्हच खराब आहे, पंप उघडायची गरज नाही. स्वस्तात सुटणाऱ्या दोषांतला हा एक.

राहिला पहिला दावा. टॉर्क कन्व्हर्टर, क्लच पॅक, स्टिअरिंग क्लच हे हायड्रोस्टॅटिकमध्ये नसतात, हे बरोबर. पण फायनल ड्राइव्हमध्ये (मोटर आणि चेन यांच्यामधल्या गिअरबॉक्समध्ये) गिअर आहेतच, पार्किंग ब्रेकच्या डिस्क आहेत. फायनल ड्राइव्हचा लेव्हल प्लग उघडा. ऑइल पातळीपेक्षा वर आलं असेल आणि हाताला पातळ लागत असेल, तर मोटरच्या शाफ्टचं सील गेलंय आणि हायड्रॉलिक ऑइल गिअरमध्ये उतरतंय. तिथल्या बेअरिंगना त्यांच्या ग्रेडचं ऑइल किती दिवसांपासून मिळालेलं नाही हे मशीनकडे बघून कळत नाही, म्हणून ते उघडून तपासण्याचा खर्च भाव ठरवतानाच वजा करून घ्या.