जास्वंद गणपतीला वाहा, लिंबू सरबतात पिळा

कोथरूडच्या आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. ‘जास्वंद म्हणजे नैसर्गिक बोटॉक्स! पाच फुलं वाटून त्यात लिंबू पिळा, चेहऱ्याला थापून अर्धा तास कोवळ्या उन्हात बसा, सुरकुत्या गायब. केसही उगवतात. रोज फुलांचा चहा घ्या, बीपीची गोळी बंद.’ आत्या नुसती पाठवून थांबली नाही, गच्चीत जाऊन बसलीसुद्धा. म्हणून हा खटाटोप.

आधी लिंबू आणि ऊन, कारण खरा घोळ तिथेच आहे. कागदी लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन पडलं की अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींना इजा होते. लगेच काही कळत नाही, त्यामुळे ‘मला तर काही झालं नाही’ म्हणणारे भरपूर. एक-दोन दिवसांनी त्वचा लाल होते, आग होते, कधी पाण्याने भरलेले फोड येतात. ते बरे झाले तरी मागे राहणारे काळपट डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. सुरकुत्या घालवायला बसायचं आणि डाग घेऊन उठायचं! ऊन कोवळं असलं म्हणून अतिनील किरण सुट्टीवर नसतात.

बोटॉक्स सुईने स्नायूत टोचतात. ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो आणि सुरकुत्या कमी दिसतात. वाटलेलं फूल कातडीवरून तिथवर पोचत नाही. लेप वाळताना चेहरा ताणल्यासारखा वाटतो, तोंड धुतलं की संपलं.

केसांबाबत मात्र थोडं मान्य करावं लागेल. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस लावून केस धुतले की मऊ होतात, हे आजीलाही ठाऊक होतं. २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात जास्वंदीच्या अर्काने केस वाढल्याचं दिसलंही. पण प्रयोग उंदरांवर होता, टकलावर नाही. आणि त्यात पानांचा अर्क फुलांपेक्षा सरस ठरला. मेसेजवाला फुलंच ओरबाडायला सांगतोय.

राहिला चहा. रक्तदाब थोडा उतरल्याचे जे प्रयोग आहेत, ते लाल अंबाडीच्या बोंडांच्या चहाचे. ती जास्वंदीची चुलत बहीण, कुंडीतली लाल जास्वंद नव्हे. आत्या, गोळी चालू ठेव, आणि बंद करायची की नाही ते डॉक्टरांना विचार, ग्रुपला नको.