'ताजं बी, हमखास रोप': एका फिरत्या संदेशाची उलटतपासणी

फुलझाडांच्या बियांबद्दल एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: फूल सुकलं की बी काढा, जितकं ताजं तितकी उगवण चांगली म्हणून लगेच २४ तास पाण्यात भिजत घाला, तरंगेल ते फेका, बुडेल ते बोटाच्या एका पेराइतकं खोल पेरा, रोपं कोलमडू नयेत म्हणून वर दालचिनीची पूड भुरभुरा, ८ दिवसांत १०० टक्के उगवण, आणि फुलं अगदी मूळ झाडासारखी. यातली बहुतेक वाक्यं कुठल्या ना कुठल्या झाडाबाबत खरी आहेत, म्हणून तर तो पटतो. पण सगळी वाक्यं लागू पडतील असं झाड आम्हाला माहीत नाही.

'फूल सुकलं की बी तयार.' पाकळ्या गळणं आणि बी पिकणं यांत बरंच अंतर असतं. पेटुनियाची पाकळी गळल्यावर बोंड पिकायला साधारण महिना लागतो. ते तपकिरी होऊन टोकाशी चिरायला लागलं की तोडायचं. झेंडू-झिनियात फुलाखालचा देठही वाळलेला हवा. तेरड्याची बोंडं फुगून फिकट झाली की त्यांवर जाळीची पिशवी बांधावी, नाहीतर हात लावताच बी उडून जातं. क्लिव्हियाचं फळ पिकायला तर परागीभवनानंतर ९ महिने किंवा त्याहून जास्त काळ जातो. घाईत काढलेलं कोवळं बी वाळताना सुरकुततं, हलकं पडतं, आणि मग दोष मातीला दिला जातो.

'बी जितकं ताजं तितकी उगवण चांगली.' मुख्य घोटाळा इथे आहे. क्लिव्हिया आणि क्रायनमचं बी मांसल असतं, वाळलं की मरतं. ते खरोखरच ताजं पेरावं लागतं, क्लिव्हियाचं तर आधी फळाचा गर पूर्ण धुऊन आणि बीवरचं पातळ साल पुसून, कारण गरात रुजण्याला अडवणारे घटक असतात आणि त्यावर बुरशीही धरते. अडेनियम, जरबेरा, हिपिअ‍ॅस्ट्रम यांचं बी थोडंफार टिकतं, पण महिन्यामहिन्याने उगवण घटत जाते. तेही लवकर पेरलेलं बरं.

झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेटुनिया यांचा प्रकार वेगळा. नीट वाळवलेलं बी दोन-तीन वर्षं सहज चालतं. बियांच्या साठवणुकीत बीतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा वापरतात: बीमधला ओलावा १ टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं, की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून कागदी पाकिटात सावलीत वाळवून, मग घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेलं गेल्या वर्षीचं बी, दमट खोलीत उघडं पडलेल्या यंदाच्या बीपेक्षा सरस ठरू शकतं. (हा ठोकताळा क्लिव्हियाच्या बीला लावू नका, ते वाळवून मारून टाकाल.)

आणि काही बिया ताज्या असल्यामुळेच रुजत नाहीत. सूर्यफुलाचं नुकतं काढलेलं बी झोपेत असतं. काही आठवडे कोरडं ठेवलं की ती सुप्तावस्था आपोआप ओसरते. क्लिओमचंही तसंच. ताजं बी पेरून पंधरा दिवसांनी 'बी वांझ आहे' असा निकाल देणारे बहुधा इथेच चुकतात.

गोकर्ण, गणेशवेल, कर्दळ यांची गंमत आणखी वेगळी. यांचं टरफल वाळताना पाणी आत शिरू न देण्याइतकं टणक होतं. शेंग किंवा बोंड नुकतं पिवळसर होत असताना, टरफल कडक होण्याआधी काढलेलं भरलेलं बी लगेच पेरलं तर पुष्कळदा तसंच रुजतं. पूर्ण वाळलेलं असेल तर ते घासावंच लागतं.

'२४ तास भिजवा.' अशा टणक बीला नुसतं भिजवून काही होत नाही. आठवडाभर पाण्यात ठेवलं तरी ते खड्यासारखं कोरडं राहतं. पॉलिश पेपरने किंवा बारीक कानशीने, बीचा डोळा (बी जिथे जोडलेलं होतं ती खूण) ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच घासा. त्याहून आत गेलात तर कोंब दुखावतो. मग कोमट पाण्यात ८ ते १२ तास. फुगलेलं पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. मऊ टरफलाच्या बीला इतकं भिजवण्याची गरजच नसते. पाण्यात प्राणवायू कमी मिळतो, बीमधली साखर बाहेर झिरपते आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. पेटुनियासारखं धुळीइतकं बी भिजवलं तर ते नुसतं हाताला चिकटतं. अपवाद कमळाचा: घासलेलं बी पाण्यातच ठेवायचं, पाणी रोज बदलायचं.

'तरंगेल ते फेका.' झेंडू आणि झिनियाच्या बीवर हवा धरणारं टरफल असतं, त्यामुळे चांगलं बीही तरंगतं. हिपिअ‍ॅस्ट्रमचं कागदासारखं काळं बी तर अनेक जण मुद्दाम पाण्यावर तरंगत ठेवूनच रुजवतात. दोन ते चार आठवड्यांत मूळ दिसतं. त्यातलं भरीव बी ओळखायचं तर उजेडासमोर धरा, मध्ये फुगीर ठिपका दिसला पाहिजे. इतरांसाठी सरळ उपाय म्हणजे २० बिया ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवणे आणि त्या जातीच्या नेहमीच्या मुदतीत किती रुजतात ते मोजणे. १२ रुजल्या तर उगवण ६० टक्के धरा आणि तेवढं जास्त पेरा.

'एक पेर खोल पेरा.' एक ग्रॅममध्ये पेटुनियाच्या सुमारे ९ ते १० हजार बिया बसतात, बिगोनियाच्या ७० हजारांच्या आसपास. एवढ्याशा बीतल्या शिदोरीवर कोंब दोन-अडीच सेंटिमीटर माती फोडून वर येणार नाही. शिवाय या दोघांना आणि स्नॅपड्रॅगनला रुजताना उजेड लागतो. बारीक कोरड्या वाळूत मिसळून पसरवा, हलकं दाबा, वर काही टाकू नका आणि ट्रेला खालून पाणी द्या. झारीने सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. उलट सदाफुलीला अंधार हवा: ३-४ मिलिमीटर थर आणि २४ ते २७ अंश. पॅन्सीलाही अंधार हवा, पण २० अंशांच्या आत. उकाड्यात ती अडून बसते. बाकीच्यांना बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट थर पुरतो. अडेनियमचं काडीसारखं बी आडवं ठेवायचं.

ऑर्किडच्या बीत तर शिदोरीच नसते. निसर्गात ते बुरशीच्या आधाराने रुजतं; वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी १९२२ साली साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर) ते बुरशीशिवाय रुजवून दाखवलं. कुंडीत पेरून वाट पाहू नका.

'दालचिनीने रोपं कोलमडत नाहीत.' दालचिनीत बुरशीला मारक घटक आहे, हे खरं. पण रोपं कोलमडवणारे पिथियम आणि रायझोक्टोनिया हे रोगजंतू ओल्या मातीतून मुळाशी आणि मातीलगतच्या खोडाशी पोचतात. वरवरची पूड तिथवर जात नाही, उलट रुजायला उजेड लागणाऱ्या बीवर आवरण धरते. खोड दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडलं की ते वाचत नाही. धुतलेला ट्रे, बागेच्या मातीऐवजी धुतलेलं कोकोपीट आणि परलाईट (खनिजाचे हलके पांढरे दाणे), विरळ पेरणी, कोंब दिसताच झाकण काढणं आणि वरचा थर किंचित सुकल्यावरच पाणी, यांनी जास्त रोपं वाचतात.

'८ दिवसांत.' झेंडू आणि झिनिया ४ ते ७ दिवसांत, पेटुनिया ७ ते १२, व्हर्बिना दोन-तीन आठवडे, क्लिव्हिया महिना-दीड महिना. लॅव्हेंडरला आधी ओलसर माध्यमात तीन-चार आठवडे फ्रिजमधला गारवा दिला तर बरं. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे ही प्रक्रिया नव्हे.

'फुलं मूळ झाडासारखी.' स्वीट पी बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, तिथे हे जुळतं. झिनियात कीटक सरमिसळ करतात. एफ-१ संकराच्या (दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या) पेटुनियाची पुढची पिढी रंग-आकारात विखुरते. डेलिया, गुलाब, जास्वंद यांचं प्रत्येक रोप निराळं निघतं. हवी तीच जात पाहिजे असेल तर डेलियाचे कंद वेगळे करा, गुलाबाला डोळा भरा, जास्वंदीची फांदी लावा. नवीन रंगाच्या आशेने पेरत असाल तर मात्र जरूर पेरा. क्लिव्हियाला पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं लागतात, तेव्हा दोन्ही पालकांची नावं आणि तारीख पट्टीवर पेन्सिलने लिहून कुंडीत खोचा. पेनाची शाई उन्हात उडते.