खुलासा: करडं पडलेलं सागवान कुजलेलं नसतं

‘बोटीच्या मागचा सागवानी स्विम प्लॅटफॉर्म (पाण्यात उतरा-चढायची फळ्यांची पायरी) करडा पडला म्हणजे कुजायला लागला, प्रेशर वॉशर मारा आणि जवसाचं तेल पाजा,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, तोही तीनदा.

करडेपणा उन्हापावसाचा, वरच्या पापुद्र्यापुरता. पॉलिश पेपरने एक कोपरा घासून बघा, खालून मधासारखा रंग निघतो. मुंबईत १८१७ साली सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतंय!

खरं नुकसान प्रेशर वॉशर करतो. लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग उडतो, कडक रेषा उभ्या राहतात आणि अनवाणी पायाला पन्हळी पत्र्यासारखं लागतं. त्यापेक्षा मऊ ब्रशने, रेषांना आडवं, हलक्या हाताने घासा. डाग राहिलेच तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी लावा. हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

जवसाचं तेल दमट हवेत काळं पडतं, वर बुरशी धरते. काहीच न लावता करडं राहू दिलं तरी चालतं; मला तर तेच आवडतं. तपासायचेच तर खालचे बोल्ट आणि ब्रॅकेट तपासा, माणसाचं वजन त्यांच्यावर असतं.