खुलासा : लहान मॅजेलन मेघातले तारे एकाच अंतरावर नाहीत

‘लहान मॅजेलन मेघातला प्रत्येक तारा आपल्यापासून 2 लाख प्रकाशवर्षांवर आहे’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. हा मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेजवळची एक छोटी दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह), आणि 2 लाख ही तिच्या अंतराची साधारण सरासरी. 1912 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी याच मेघातले 25 सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे तारे) जवळपास सारख्या अंतरावर धरले होते, आणि त्यातून केवढा मोलाचा नियम हाती आला! अशा ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त होण्याचा आवर्तकाळ जितका मोठा, तितका तारा मुळात तेजस्वी. हे मूळ तेज दिसणाऱ्या तेजाशी ताडलं की अंतर निघतं. चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून ओगल (OGLE) या आकाश-निरीक्षण प्रकल्पाने असे हजारो सेफीड तपासले. मेघ आपल्या दृष्टिरेषेत लांबलचक पसरलेला निघाला: ईशान्येची बाजू जवळ, नैऋत्येची दूर, खोली 50 हजार प्रकाशवर्षांहून अधिक. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.