पॉल क्विन कॉलेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टेक्सासमधील पॉल क्विन कॉलेजवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. फुटबॉल बंद करून मैदानात भाजीपाला लावणे आणि विद्यार्थ्यांना फीपोटी कामाला जुंपणे हे चर्चने काढलेल्या महाविद्यालयाचे काम नव्हे. महाविद्यालयाचे अध्यक्ष मायकल सॉरेल या एकाच माणसाला मी डोक्यावर घेतले. आणि संस्थेची मान्यता गेल्याचा उल्लेखही केला नाही.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो पूर्णपणे रास्त आहे. २००९ मध्ये मान्यता काढून घेतली गेली, न्यायालयाच्या आदेशामुळे ती तात्पुरती टिकली आणि २०११ मध्ये दुसऱ्या मूल्यांकन संस्थेने नवी मान्यता दिली. सॉरेल २००७ पासून अध्यक्ष आहेत, म्हणजे हा फटका त्यांच्याच कारकिर्दीत बसला. लेखात आता तशी दुरुस्ती केली आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चच्या धर्मोपदेशकांनी १८७२ मध्ये ऑस्टिनला ही शाळा काढली, ती गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांना शिकवण्यासाठी. पुढे ती टेक्सासमधल्याच वेको येथे गेली; तिथे त्यांना लोहारकाम, सुतारकाम, कातडी कमावणे आणि खोगिरे बनवणे शिकवले जाई, आणि इमारतीसाठी ‘विटेमागे दहा सेंट’ अशी वर्गणी गोळा झाली. कालपर्यंत ज्यांना स्वतःच्या मजुरीवरही हक्क नव्हता, त्यांच्या समाजाने एकेक वीट विकत घेऊन ते महाविद्यालय उभे केले. (ज्या बिशप विल्यम पॉल क्विन यांचे नाव संस्थेला दिले आहे, त्यांचा जन्म कोलकात्याचा, असे परंपरेने सांगितले जाते.) अशा संस्थेत हाताला काम देणे ही मला मूळ वाटेकडे परत येण्याची गोष्ट वाटते.

मैदानाचेही तसेच. डॅलसच्या ज्या भागात हे महाविद्यालय आहे, तिथल्या रहिवाशांना ताज्या भाजीसाठी दूर जावे लागे. २०१० पासून शंभर यार्डांच्या त्या मैदानात वाफे आहेत आणि पिकाचा काही वाटा वस्तीला जातो. शेजाऱ्याच्या ताटाची काळजी चर्चच्या संस्थेने करायची नाही, तर कोणी करायची?

कामाबद्दलची आपली भीती मात्र मलाही छळते. श्रीमंताच्या मुलाने वाचत बसावे आणि गरिबाच्या मुलाने अर्धा दिवस कंपनीत घालवून थकून वर्गात यावे, ही विषमता मी अध्यापनाच्या काळात जवळून पाहिली आहे. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला डोळे ताणून बसणारी मुले आजही आठवतात. फरक इतकाच की त्यांच्या पगाराचा शिक्षणाशी काही संबंध नव्हता. पॉल क्विनमध्ये मिळकतीचा मोठा भाग फीपोटी वळता होतो, थोडा हाती येतो, आणि २०१५ मध्ये वार्षिक फीच सुमारे २४ हजार डॉलरवरून १४ हजारांच्या घरात आणली गेली. कर्ज कमी होत असेल आणि अभ्यासाचे तास शाबूत राहत असतील, तोवरच मी या योजनेची बाजू घेईन.

राहिला सॉरेल यांचा प्रश्न. महाविद्यालयाचे आजचे आवार मुळात बिशप कॉलेज या बाप्टिस्ट संस्थेचे. ती १९८८ मध्ये कायमची बंद पडली आणि १९९० मध्ये पॉल क्विन तिथे आले. एक संस्था जिथे संपली, तिथल्या ओस इमारती पाडून दुसरी जगवण्याचे धाडस करणाऱ्याचे नाव मी ठळकपणे घेतले, याचा मला खेद नाही. पण मान्यता टांगणीला लागलेली असताना जे विद्यार्थी तिथेच थांबले, त्यांच्याविषयी मी एक ओळही लिहिली नव्हती, हे आपल्या पत्रामुळे ध्यानात आले.