प्लॅन वाढवायच्या आधी टीव्ही युनिट उघडा
"नेट फार स्लो चाललंय, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊ का?" नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर हा मेसेज पडला की लगेच "घ्या घ्या" सुरू होतं. मी म्हणतो अजिबात घेऊ नका, राउटर कुठे ठेवलाय ते बघा आधी.

वरच्या काकूंकडे राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, पुढे सेट टॉप बॉक्स, मागे आरसीसीची भिंत. काकू म्हणाल्या, "अरे वायरी दिसतात ना, म्हणून इंटेरिअरवाल्याने आत बसवलं." आणि बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून कस्टमर केअरशी भांडण! लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट मारली तर ९४, म्हणजे १०० च्या प्लॅनला लाइन एकदम ओके, घोळ सगळा वायफायचा. राउटर बाहेर काढून युनिटच्या वर ठेवला, विषय संपला. हे केबल लावून बघायचं काम पाच मिनिटांचं आहे पण कोणी करत नाही, आणि कंपनी तर सांगणारच नाही, तिला मोठा प्लॅन विकायचाय. (डाउनलोडला १२ दिसतं म्हणून ओरडू नका, ते मेगाबाइट असतात, १०० मेगाबिट म्हणजे साडेबाराच.)

सिडकोत वेगळंच. घराला घर चिकटलेलं, फोनमध्ये अख्ख्या गल्लीचे वायफाय दिसतात आणि २.४ गिगाहर्ट्झला (वायफायचा जुना, गर्दीचा बँड) एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तिथे टीव्ही, लॅपटॉप सरळ ५ गिगाहर्ट्झवर टाका. पण ते भिंतीपलीकडे दमतं, त्यामुळे पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर लॅन केबल ओढून आत दुसरा राउटर लावा, स्वस्तातला रिपीटर नको, तो मरतुकडा सिग्नलच पुढे ढकलतो.

राउटरवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला असेल तर मात्र रिस्टार्ट करत बसू नका, फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. सोफ्यामागे फायबरची पिवळी वायर दुमडली नाहीये ना बघा, आत काच असते. ती ठीक असेल तर बाहेर कुठेतरी तुटलीये, सिंहस्थाच्या कामांनी खोदकाम काय कमी चाललंय का. कंपनीचा पोरगा आला की पॉवर मीटर (फायबरमधला प्रकाश मोजतो तो) लावायला सांगा, मायनस २० डीबीएमच्या आसपास असेल तर बरं, मायनस २७ च्या पलीकडे गेलं असेल तर "चालतंय ना सर" वर सोडू नका, फायबरचा जॉइंट परत मारून घ्या, नाहीतर आठवड्याने तेच.

तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच. काम न करता "रिझॉल्व्ह्ड" चा मेसेज आला तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीकडेच अपील करता येतं, फुकटात. लोकांना माहितीच नाही, ते आपले पुन्हा कॉल सेंटरला फोन लावून "एक दाबा, दोन दाबा" करत बसतात.