मध्ययुगीन म्हणून मिरवणाऱ्या इमारतींचे खरे वय

युरोपातील भव्य इमारतींची छायाचित्रे एकत्र करून केलेला एक दावा मराठी वाचकांमध्येही पुन्हापुन्हा फिरतो. जर्मनीतील कोलोनचे कॅथीड्रल, लंडनचे संसदभवन आणि बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन किल्ला ही त्यातली ठरलेली उदाहरणे. दावा थोडक्यात असा : या इमारती मध्ययुगीन आहेत, यंत्रे नसताना त्या केवळ हातांनी घडवल्या गेल्या, त्या काळी सौंदर्याबद्दल समाजात एकमत होते, आणि पुढे लोखंड-काँक्रीटवाल्या आधुनिकांनी ही अखंड परंपरा तोडली. इमारती देखण्या आहेत, याबद्दल वाद नाही. बाकीच्या चारही विधानांबद्दल आहे.

आधी वय. लंडनचे जुने संसदभवन १६ ऑक्टोबर १८३४ च्या आगीत बहुतांश जळाले. वेस्टमिन्स्टर हॉल वाचला आणि तो मात्र खरोखर मध्ययुगीन आहे. नव्या इमारतीची शैली गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली) किंवा सोळाव्या शतकातली एलिझाबेथकालीनच हवी, अशी अट घालून स्पर्धा घेण्यात आली, ९७ जणांचे आराखडे आले आणि त्यांतून चार्ल्स बॅरी यांची निवड झाली. कॉमन्स सभागृहाचे कामकाज नव्या दालनात सुरू झाले ते १८५२ मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. नॉयश्वानस्टाइन त्याहूनही तरुण आहे. त्याची पायाभरणी १८६९ ची, आणि त्याची पहिली कल्पनाचित्रे काढणारा क्रिस्टियान यांक हा नाटकांचे पडदे रंगवणारा चित्रकार होता. किल्ला रंगमंचासारखा दिसतो, याचे आश्चर्य वाटायला नको.

कोलोनबाबत दावा अर्धा खरा आहे. तेथील काम १२४८ मध्ये सुरू झाले, सोळाव्या शतकात थांबले, आणि अर्धवट राहिलेल्या दक्षिण मनोऱ्यावर मध्ययुगातील लाकडी यारी पुढची तीन शतके तशीच उभी राहिली. दर्शनी भागाचा मूळ आराखडा दोन तुकड्यांत सापडला, एक १८१४ मध्ये डार्मस्टाट येथे आणि दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला. त्याच्या आधारे १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेऊन १८८० मध्ये ते पुरे करण्यात आले. छायाचित्रात नजर खिळवणारे ते १५७ मीटर उंचीचे जुळे मनोरे त्यामुळे मुख्यतः एकोणिसाव्या शतकाचे आहेत.

यंत्रांविषयीचा मुद्दा तर पुरता उलटा आहे. कोलोनच्या छताच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, लोखंडी आहेत. लंडनच्या संसदभवनाची छपरेही ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची आहेत, आणि तेथील लाकडी कोरीवकामाचा मोठा भाग आधी यंत्रावर कोरून मग हाताने साफ केलेला आहे. त्याच इमारतीचा अष्टकोनी मध्यवर्ती मनोरा बॅरी यांच्या मूळ आराखड्यात नव्हता. डेव्हिड बॉसवेल रीड यांच्या वायुवीजन योजनेला दूषित हवा बाहेर टाकणारे धुराडे हवे होते, म्हणून तो आला. नॉयश्वानस्टाइनच्या चुनखडीच्या दर्शनी दगडामागे विटांच्या भिंती आहेत, सिंहासनाच्या दालनाला लोखंडी सांगाड्याचा आधार आहे आणि तो बांधवून घेणाऱ्या बव्हेरियाच्या राजाच्या, दुसऱ्या लुडविगच्या, सोयीसाठी गरम हवेची तापनव्यवस्था, वाहते पाणी, विजेच्या घंटा व टेलिफोनही होते.

एकमताची कल्पना कोठून आली, हे मला खरोखर उमगलेले नाही, कारण शैलीवरून इतके भांडलेले दुसरे शतक क्वचितच सापडेल. ‘आपण कोणत्या शैलीत बांधावे?’ हा प्रश्न हाइनरिश ह्युब्श या जर्मन वास्तुविशारदाने १८२८ मध्ये आपल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच विचारला होता. व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रास या हमरस्त्यावर उत्तरांची रांगच लागली : नगरभवन गॉथिक, संसद ग्रीक, विद्यापीठ रेनेसान्स. लंडनमध्ये परराष्ट्र खात्याच्या कचेरीसाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी गॉथिक आराखडा दिला, पंतप्रधान पामर्स्टन यांनी तो नाकारला, आणि गॉथिकच्या या कट्टर पुरस्कर्त्याला अखेर इटालियन धाटणीची इमारत बांधावी लागली. (मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच स्कॉट यांच्या आराखड्यावर गॉथिक वळणाने उभा राहिला, ते स्वतः मात्र हिंदुस्थानात कधीच आले नाहीत.) वाद केवळ अभिरुचीचा नव्हता. कोलोनचे कॅथीड्रल जर्मन राष्ट्राचे स्मारक म्हणून पुरे केले गेले, पण गॉथिकचा उगम फ्रान्समधला आणि कोलोनच्या मूळ वास्तुविशारदांसमोरचा नमुना आमिएँच्या कॅथीड्रलचा, ही गोष्ट त्या उत्साहात सोयीस्करपणे मागे पडली.

राहिला परंपरा तोडल्याचा आरोप. जी परंपरा अखंड चालू होती, तिचे पुनरुज्जीवन करण्याची वेळ मुळात आलीच नसती. शिवाय लोखंड आणि काँक्रीट बाहेरून चालून आले नाहीत. पॅरिसच्या नोत्र दामची डागडुजी करणारे व्हिओले-ल-द्युक हे गॉथिकचे सर्वांत मोठे अभ्यासक. गॉथिकमागचे बांधकामाचे तर्कशास्त्र लोखंडातही उतरवता येईल, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांचे शिष्य आनातोल द बोदो यांनी १९०४ मध्ये पुरे झालेले पॅरिसमधील मोंमार्त्रचे सेंट जाँ चर्च थेट पोलादयुक्त काँक्रीटमध्ये बांधले.

२०१९ च्या आगीत नोत्र दामचे जे शिखर कोसळताना जगाने पाहिले आणि मध्ययुग जळाले म्हणून हळहळ व्यक्त केली, ते शिखर व्हिओले-ल-द्युक यांचेच, १८५९ मध्ये पुरे झालेले. छताच्या कैच्या मात्र बहुतांश खरोखर मध्ययुगीन होत्या. शिखर आणि कैच्या दोन्ही पुन्हा ओक लाकडात उभारून कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये खुले झाले, आणि त्या कैच्यांचे ओंडके आजच्या सुतारांनी कुऱ्हाडीने तासले.